आमचे पंतोजी अन् एकोणीस औटं

आधी हे ऐका, बाकीचं मागून. बाजारात रुईच्या गाड्या उभ्या हायेत, शेठजी दोनदा हाका मारून गेले, पण हे आत्ताच्या आत्ता कागदावर उतरलं नाई तं माहं पोट फुटीन. बोरूचं टोक मोडलं, शाई वाळाले सवड नाई, अक्षर कोंबडीच्या पायाचं झालं. तरी वाचा.

काल आमी पंतोजीले उचललं.

म्हणजे खरंच उचललं. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय. आमच्या अमरावतीत ज्यानं पंतोजीची शाळा पाहिली त्याले ही रीत मालूम हाय. पोट्टा शाळेत आला नाई तं चार दांडगे पोट्टे त्याच्या घरी जात, अन् त्याले हातापायाले धरून, लोंबकळत, भर रस्त्यानं आणत. मी बी असा आलो हाय. माही माय मळ्यातली वांगी तोडून राहिली होती. तिनं मले सोडवाचं सोडून त्या चौघांच्या हातात एक एक वांगं देलं अन् म्हणाली, पंतोजीले द्या, अन् याले नीट धरा, पडीन.

तं काल पंतोजीच्या निरोपाचा दिवस. म्हातारपण आलं, डोळ्यात पडदा आला, शाळा बंद करून अंजनगावले लेकीकडं जाचं ठरलं. जुने सारे विद्यार्थी ओसरीत जमले. कोणी दलाल, कोणी तोलारी, कोणी शेतीवाले. हार आले, नारळ आले, पेढे आले. अन् पंतोजी माजघरात पाठ करून बसलेले. म्हणे, मी येत नाई, माही तब्येत बरी नाई. हे कारण आमी त्याईले इतक्या वेळा सांगतलं होतं की ते आमाले तोंडपाठ. मंग काय, आमी मिशा फुटलेले चौघं आत गेलो अन् उचललं. लोंबकळता लोंबकळता बी मास्तरकी सुटत नाई. म्हणे, "डावा पाय खाली जाऊन राहिला बे. कोण हाय डाव्या पायाले? तुले कधी काई सरळ धरता आलं नाई."

डाव्या पायाले मी होतो.

आता पंतोजी म्हणजे काय माणूस, हे सांगतल्याशिवाय पुढचं समजणार नाई. अंगानं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीवानी. डोक्यावर पागोटं असं की त्याचा एक पदर नेहमी सुटलेला, अन् तो पदर ते फळा पुसाले वापरत. फळा म्हणजे धूळ पसरलेली पाटी, तिले पुसाची गरजच नाई, हात फिरवला की झालं. पण त्याईले पदरच लागे. संध्याकाळी ओसरीतून आत जाताना पागोटं धुळीनं पांढरं, अन् काकी दारातूनच म्हणत, "आले, पाठशाळा डोक्यावर घेऊन आले."

काकी म्हणजे त्याईची बायको. त्याईच्याबद्दल मंग सांगतो.

छडी होती त्याईच्याजवळ, पण पोराले मारत नसत. ओसरीच्या खांबाले मारत. "हा खांब म्हणजे तू हायेस," असं सांगून सपकन एक देत, अन् ज्याची चूक त्यानं "अयाई" म्हणाचं. नुसतं म्हणून भागत नसे. मनापासून म्हणा लागे. ओरडणं खोटं वाटलं तं खांबाले आणखी एक. भोपळ्या नावाचा आमचा एक सोबती, गोल होता म्हून ते नाव पडलं, तो इतकं झकास ओरडे की रस्त्यावरची माणसं आत डोकावत, अन् एकदा एका बाईनं आत येऊन पंतोजीचीच हजेरी घेतली. पंतोजीनं तिले खांब दाखवला. ती म्हणाली, "खांबाले काहून मारून राहिले मंग, त्यानं काय केलं?"

पोट्टे ते चेहऱ्यानं ओळखत नसत, कानानं ओळखत. नजर चांगली होती तवापासूनच. हाक मारली की जवळ जाऊन कान हातात द्याचा. ते चिमटीत धरून चाचपत अन् मंग नाव घेत. डोळ्यात पडदा आल्यावर ही विद्या त्याईच्या कामी आली. फकत अलीकडं घोटाळा होऊ लागला. अमेरिकेत कुठीसा लढाई लागली, विलायतेत तिकडचा कापूस जाईना, अन् आमच्या कापसाले असा भाव आला की जो तो कानात भिकबाळी घालून फिरू लागला. पंतोजी कान चाचपत अन् चिडत. "हे काय लोंबून राहिलं? कान असा नव्हता याचा."

या कापसानंच त्याईची शाळा खाल्ली. मी पाहत होतो ना. एक दिवस भोपळ्या आला नाई. पंतोजीनं रीतीप्रमाणं चार जण धाडले. भोपळ्या बाजारात गठ्ठे मोजाले बसला होता. मालकानं या चौघांले पाहिलं, म्हणाला पाढे येतात का, बसा. ते चौघं आलेच नाईत. त्याईले आणाले पंतोजीनं आणखी चार धाडले. ते बी गेले. संध्याकाळी ओसरीत मी अन् पंतोजी दोघंच. त्याईनं माहा कान चाचपला अन् म्हणाले, "तुले मी धाडत नाई."

दुसऱ्या दिवशी ते मलेच घेऊन बाजारात गेले, एका गठ्ठ्यावर चढून बसले अन् तथीच शाळा भरवली. दलाल लोकं भाव ठरवून राहिले, बैल हंबरून राहिले, अन् हे मधात बसून पावकीचा पाढा म्हणवून घेऊन राहिले. मालकानं गठ्ठा उचलाले हमाल पाठवले तं म्हणाले, निमकी होऊ द्या. हमाल थांबले. खरंच थांबले, बाप्पा. एक तं निमकी ऐकता ऐकता संग म्हणू लागला.

तं पाढे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अन् साऱ्याईच्या वरती औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा. औटकी म्हणजे पंतोजीचा जीव. अन् आमच्या बाजाराचा बी, कारण आमच्याकडं असं धरून चालतात की साडेतीन मण कपाशीतून एक मण रुई निघते. म्हून ज्याले औटकी येते तो बाजारात कुठी बी उभा राहू शकते. अर्धा बाजार पंतोजीच्या ओसरीतून गेलेला. ते छाती काढून म्हणत, "आकडा म्हणजे बैल नव्हे, वळवला तिकडं वळाले. माह्या ओसरीतून आजवर चुकीचा आकडा बाहेर पडला नाई." दुसऱ्या कशाचा गर्व त्याईले नव्हता. धोतर फाटकं असो, पागोटं पांढरं असो. आकडा.

आता ऐका गंमत. गंमत कसली, माह्या तं अंगावर काटा आला होता.

इथल्या शेठजीकडं येण्याच्या आधी मी अकोल्याले नोकरीले होतो. तथी एक दिवस एकोणीस मण रुईचा हिशोब आला. किती कपाशी लागीन, असं मुनीमजीनं विचारलं. मी डोळे मिटून म्हटलं, एकोणीस औटं साडेसदुसष्ट. मुनीमजी म्हणाले, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगतलं, जरा चाल लावून. ते म्हणाले, वीस औटं किती? मी म्हटलं, सत्तर. मंग सत्तरातून साडेतीन काढ, असं म्हणाले, अन् पानदान उघडून पान लावत बसले. मी काढले. साडेसहासष्ट आले. पुन्हा काढले. तेवढेच आले. अठरा औटं त्रेसष्ट, त्याच्यात साडेतीन घातले. तेच.

पंतोजीचा आकडा चुकलेला होता. लहानपणापासून आमी तो ओरडून ओरडून म्हटला, अन् कोणी मोजून पाहिला नाई. पाढा कोणी मोजते का? पाढा म्हणतात.

सुट्टीवर अमरावतीले आलो अन् पहिले भोपळ्याकडं गेलो. तो आता मोठा दलाल, पोट पुढं, कानात दोन मोती. मी हळूच म्हटलं, भोपळ्या, एकोणीस औटं. त्यानं उठून दार लावलं. म्हणाला, "तुले बी समजलं का?"

समद्याईले समजलं होतं. एकेकट्याले, बाहेरगावच्या माणसासंग भांडण होऊन. गावातल्या गावात भांडण होतच नसे, कारण देणारा बी पंतोजीचा अन् घेणारा बी पंतोजीचा, दोघंही साडेसदुसष्ट म्हणत अन् राम राम करून घरी जात. पण बाहेरचा आला की बोंब. अन् पंतोजीले सांगाची कोणाची छाती नाई. म्हून लोकांनी काय केलं असंन? एकोणीस घेणंच सोडलं. अठरा मण घेत, वीस मण घेत. बाहेरच्या व्यापाऱ्यानं विचारलं, काहून बाप्पा, तं सांगत की आमच्या गावात एकोणीस लाभत नाई. हळूहळू ते खरंच वाटू लागलं. नवीन पोट्टे एकोणीस गठ्ठे दिसले की एक बाजूले सरकवत. एका बाईनं एकोणिसाव्या दिवशी बारसं करू देलं नाई म्हणतात. मूळ कारण आमच्या पोटात.

आता पुन्हा कालच्या ओसरीत या. पंतोजीले आमी आणून पाटावर बसवलं. दारात बैल जुपलेलं खाचर उभं. काकी आधीच तयार, गाठोडी भरून झालेली, कारण तिकडं लेकीचे दिवस भरले होते अन् सांगावा आला होता की लवकर या. पहिलंच बाळंतपण. काकीचा जीव सकाळपासून अंजनगावात. पण पंतोजीले सोडून जाता येईना, डोळ्यानं दिसत नाई, ताटातली भाजी कोणती ते बी सांगा लागते. अन् पंतोजी म्हणाले, मी असा जाणार नाई. आधी परीक्षा. इतकी वर्षं मी काय केलं हे मले ऐकू द्या. औटकी म्हणा. बरोबर आली तं खाचरात बसतो. एक आकडा चुकला तं माहं काम बाकी हाय, मंग बैल सोडा.

आमी एकमेकाकडं पाहाले लागलो.

पहा बरं आमची गत. खरा आकडा सांगतला तं त्याईच्या हिशोबानं आमी चुकलो, बैल सुटणार. चुकीचा सांगतला तं बरोबर, बैल चालणार. मी आत जाऊन काकीले सारं सांगतलं. काकी गाठोड्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोराहो, काय म्हणाचं ते म्हणा. तिकडं माही लेक वाट पाहून राहिली." झालं. भोपळ्यानं साऱ्याईच्या कानात सांगतलं, साडेसदुसष्ट. समदे माना हलवून राहिले.

पंतोजीनं आधी एकेकाले उभं केलं. एकाले बी येईना. भोपळ्या सहापाशी अडकला, दुसरा आठापाशी. शाळेत आमी कधी एकटं म्हटलंच नव्हतं, समदे मिळून म्हणाचे, एकाचा श्वास संपला की दुसऱ्याचा सुरू. शेवटी ते म्हणाले, बरं, मिळून म्हणा. अन् मंग काय सांगू तुमाले. एक औटं औटं, दोन औटं सात, तीन औटं साडेदहा. मिशीवाले, पोटवाले, भिकबाळीवाले, समदे डोलू लागले. ओसरीचा धुरळा उडाला. रस्त्यावर लोकं थांबले. पंतोजीचे डोळे मिटलेले, बोटं मांडीवर ताल धरून राहिलेली, अन् चेहरा असा की मले वाटलं हे आता असेच हसत खाचरात जाऊन बसतीन.

सतरा औटं साडेएकोणसाठ. अठरा औटं त्रेसष्ट. एकोणीस औटं...

अन् माह्या तोंडून साडेसहासष्ट निघालं. देवाशपथ, मी ठरवून म्हटलं नाई. अकोल्याच्या मुनीमजीनं जिभेले वळण लावून ठेवलं होतं. अन् मी एकटा असतो तं बुडून गेलं असतं, पण आणखी पाचसहा जणाईचं बी तेच झालं. अर्धी ओसरी साडेसदुसष्ट, अर्धी साडेसहासष्ट, अन् वीस औटं म्हणाले कोणीच उरलं नाई.

पंतोजीनं डोळे उघडले. "कोण म्हणालं ते? कान आणा इकडं."

आमी रांगेनं कान देले. भोपळ्याचा कान हातात येताच तो म्हणाला, मी नाई म्हटलं पंतोजी, मी बरोबर म्हटलं, म्हणजे तुमचंच म्हटलं. मंग माहा नंबर आला. कान धरून ठेवूनच ते म्हणाले, "तू. डाव्या पायाचा. अठरा औटं किती?"

"त्रेसष्ट."

"त्यात औट घाल."

"साडेसहासष्ट."

ते स्वतः बोटावर मोजू लागले. माहा कान त्याईच्या दुसऱ्या हातात तसाच. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. वीस औटं सत्तर धरून उलटं मोजलं. मी मान तिरपी करून त्याईच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो, अन् ते तोंड पाहावंसं वाटेना. मले वाटलं, आपण या माणसाचं सारं आयुष्य एका आकड्यानं पुसून टाकलं.

मंग त्याईनं घसा साफ केला. म्हणाले, "मी मुद्दाम चुकीचं शिकवलं होतं. पाहून राहिलो होतो, कोण टोकते मले."

आमी सारे सुटलो. भोपळ्या तं वा वा म्हणून मोकळा झाला. तेवढ्यात दारातून काकीचा आवाज आला.

"खोटं काहून बोलता? मामंजी बी साडेसदुसष्टच म्हणत होते. मी लग्न होऊन आली तवापासून ऐकून राहिली. अन् मुद्दाम केलं असतं तं मले पहिल्याच रात्री सांगतलं असतं, तुमच्या पोटात काई राहते का?"

पंतोजीनं माहा कान सोडला. मंग, मी हे डोळ्यानं पाहिलं म्हून सांगतो, त्याईच्या ओठाचा एक कोपरा हलला. म्हणाले, "बाबा बी चुकले म्हणजे."

पण बैल? एक आकडा चुकला तं जाणार नाई असा शब्द देलेला. ते म्हणू लागले, साऱ्या बाजारात माहा चुकीचा आकडा फिरून राहिला, तो गोळा केल्याशिवाय मी गाव सोडू कसा. काकी म्हणाल्या, गोळा करा, पण खाचरात बसून करा, रस्ता बाजारातूनच जाते. अन् गाठोडी उचलून स्वतःच जाऊन बसल्या.

असं खाचर अमरावतीनं पाहिलं नसंन. दर दुकानापाशी थांबे. पंतोजी छडी बाहेर काढून फळीवर टकटक करत, आतून दलाल हात पुसत येई, कान पुढं करी, अन् एकोणीस औटं साडेसहासष्ट म्हणून तीनदा म्हणे. एकजण भाव ठरवत बसला होता, त्यानं गिऱ्हाइकाचा बी कान देला. एकानं मुकाट्यानं भिकबाळी काढून ठेवली, मंग कान देला. काकी वरून म्हणून राहिल्या, चला, आटपा, माह्या लेकीचं पोट्टं चालत सामोरं येईन आपल्याले. पण मी पाहिलं ना, चौथ्या दुकानापासून त्या बी ओठातल्या ओठात साडेसहासष्ट म्हणून राहिल्या होत्या. सवय मोडाले.

मी वेशीपर्यंत बैलाच्या बाजूनं चालत गेलो. पंतोजीचा आवाज बसला होता, पण तोंडावर अशी तुकतुकी की सकाळी माजघरात पाठ करून बसलेला माणूस हाच का, असं वाटावं. वेशीपाशी त्याईनं हात बाहेर काढला. मी कान देला. धरला नाई, नुसता हात ठेवला.

"तुले अकोल्यात समजलं होतं ना? सांगतलं काहून नाई?"

मी म्हटलं, तुमाले वाईट वाटलं असतं पंतोजी.

"वाटलं असतं, एक दिवस. तुमी तं पोराहो एकोणिसालेच गावातून हाकलून देलं. त्या बिचाऱ्यानं तुमचं काय बिघडवलं होतं?"

अन् खाचर गेलं. मी उभाच. आज सकाळी बाजारात आलो तं भोपळ्यानं सर्वांदेखत एकोणीस मण रुई घेतली अन् घाम पुसला. शेठजी तिसऱ्यांदा हाका मारून राहिले, जातो आता. पण आधी तुमी सांगा. तुमच्या बी गावात, तुमच्या बी घरात असा एखादा एकोणीस हाय का, ज्याले कोणी हात लावत नाई, अन् काहून लावत नाई ते समद्याईले मालूम हाय, फकत ज्याले सांगाले पायजे त्याले कोणी सांगत नाई? खरं बोला. झालं का असं तुमच्यासंग?